बोर्डिंग पासवर ‘एसबीवाय’ छापलं म्हणून हक्क जातो का?

प्रश्न आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचा आहे. मुलीला बेंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. यवतमाळच्या एजंटकडून दोघांचं नागपूर-बेंगळुरू तिकीट काढलं. काउंटरवर मिळालेल्या बोर्डिंग पासवर सीट नंबरच्या जागी ‘एसबीवाय’, म्हणजे स्टँडबाय. ‘थांबा जरा’ म्हणता म्हणता विमान गेलं. मग एका इंग्रजी कागदावर सही घेतली, जेवणाचं कूपन हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानात बसवलं. आता विमान कंपनी म्हणते, तुम्ही स्टँडबाय होता, भरपाई नाही. माणशी वीस हजार मिळतात असं गावात कोणीतरी सांगितलंय, ते खरं का?

भाऊ, कंपनीचं उत्तर मला पटलेलं नाही. पण वीस हजारांचा आकडाही तुमच्या प्रकरणात बसत नाही.

खरा स्टँडबाय प्रवासी वेगळा. कंपनीचा कर्मचारी सवलतीच्या तिकिटावर निघतो, किंवा रात्रीच्या विमानाचं तिकीट असलेला माणूस ‘दुपारच्यात जागा आहे का’ म्हणून विचारतो. त्या विमानात त्यांचा हक्क नसतोच; कोणी आलं नाही तर जागा मिळते. तुम्ही मात्र त्याच विमानाचं कन्फर्म तिकीट घेतलं होतं. काही लोक ऐनवेळी येत नाहीत हे धरून कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कोणाच्या तरी पासवर ‘एसबीवाय’ उमटतं. रेल्वेच्या आरएसीवाल्याला निदान गाडीत चढता तरी येतं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा : जागा कमी पडल्या तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधावेत. तरीही कन्फर्म तिकीटवाल्याला त्याच्या मर्जीविरुद्ध मागे ठेवलं, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिल्यास भरपाई नाही. 24 तासांच्या आतलं दिल्यास एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिराचं दिल्यास चौपट, कमाल 20,000. तुमचं विमान संध्याकाळी 6:40 चं होतं आणि दुसरं दुपारचं, म्हणजे 24 तासांच्या आतलं. तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून माणशी 3,800 दिसतं. दुप्पट 7,600, दोघांचे 15,200. जेवणाचं कूपन यात वळतं होत नाही.

खरी गाठ त्या सहीची आहे. कागदावर ‘स्वखुशीने थांबतो’ असं लिहिलेलं असेल, तर कंपनी तोच पुढे करणार. त्याची प्रत आजच मेलवर मागा. मजकूर समजावून न सांगता, मुलीच्या रुजू होण्याची घाई असताना सही घेतली, हे त्याच मेलमध्ये लिहून ठेवा. रुजू व्हायची तारीख असलेला माणूस स्वखुशीने एक रात्र नागपुरात काढेल, हे ग्राहक आयोगालाही पटणं कठीण.

दुसरा मुद्दा वेळेचा. काउंटर बंद होण्याआधी तुम्ही पोचलेले असलेच पाहिजेत. उशीर तुमचा असेल तर वरचं सगळं फोल. बोर्डिंग पासवर किंवा बॅगेच्या टॅगवर वेळ छापली असेल तर उत्तम. गाडीच्या फास्टॅगची टोल नोंदही काढून ठेवा. विमानतळाचं सीसीटीव्ही चित्रण कायम राहत नाही, म्हणून ते जपून ठेवावं अशी मागणी लगेच लेखी करा.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याकडे, मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथंही दाद लागली नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथं दावा लावता येतो; नागपूरला वा कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतोय!). लॉजचं बिल, मुलीच्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडा. डीजीसीएची रक्कम मिळाली तरी मनस्तापाची वेगळी भरपाई मागायला आडकाठी नाही. किती द्यायची ते आयोग ठरवतो.

आणि तिकिटावर मोबाईल नंबर कोणाचा आहे ते बघा. बऱ्याचदा एजंट स्वतःचाच टाकतो, मग कंपनीचे निरोप त्याच्याच फोनवर पडून राहतात. तसं झालं असेल तर एजंटकडून ते मेसेज स्क्रीनशॉटसकट मागून घ्या. नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार त्यानंतर करा.