क्रूसाची बाजू मांडताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मूट कोर्टाला, म्हणजे आपल्या सरावाच्या लुटुपुटूच्या न्यायालयाला, ब्लेडन्सबर्गचा खटला (अमेरिकेत सरकारी जागेवर युद्धस्मारक म्हणून उभा असलेला क्रूस घटनेत बसतो का, हा वाद) आणि तुझ्या वाट्याला नेमकी 'क्रूस राहू द्या' म्हणणाऱ्यांची बाजू, म्हणून तू वैतागली आहेस. खुशाल वैताग, पण मसुद्यातला पहिला मुद्दा आधी खोड. 'हा क्रूस धार्मिक नाहीच, नुसतं हौतात्म्याचं प्रतीक आहे' हे कुणाला पटणार? श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला तर तो अपमानच वाटेल. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती अलिटोंनीही क्रूस हे ख्रिस्ती चिन्ह असल्याचं नाकारलेलं नाही.

तुझं बळ आहे इतिहासात. मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे ४९ जण पहिल्या महायुद्धात गेले. लोकांनी वर्गणी काढून स्मारकाचं काम सुरू केलं, पैसे संपले, मग अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने १९२५ मध्ये ४० फुटी क्रूस पुरा केला. वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या आणि काळ्या सैनिकांची नावं एकाच फलकावर आली. त्यांतल्या एकाच्या आईने लिहून ठेवलंय, की तिच्या लेखी हा क्रूस म्हणजे एका परीने मुलाच्या थडग्याचा दगडच. हे पत्र न्यायालयापुढे ठेवताना आवाज चढवू नकोस; त्याची गरज नाही.

भानगड पुढची. १९६१ मध्ये क्रूस आणि जागा सरकारी आयोगाकडे गेली, देखभाल लोकांच्या करातून होऊ लागली. सरकारने एका धर्माचं चिन्ह जपू नये म्हणून २०१४ मध्ये दावा लागला, २०१७ मध्ये अपिलात क्रूस हरला, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ असा जिंकला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं: इतक्या वर्षांनी मूळ हेतू एकच होता असं ठरवणं अवघड, काळाबरोबर अर्थ बदलतो, आणि जुनं स्मारक पाडणं ही तटस्थता राहत नाही. क्रूसाचे आडवे हात कापून नुसता खांब ठेवावा, असाही पर्याय पुढे आला होता. मेलेल्यांच्या नावांवर सरकारी करवत चालतेय, हे चित्र न्यायाधीशांना दाखव.

मला विचारशील तर मी विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या बाजूचा. आणि म्हणूनच सांगतो, 'त्या काळी दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं' असं चुकूनही म्हणू नकोस. १९२० चं लंडनचं सेनोटाफ हे युद्धस्मारक बघ, वास्तुकार लट्येन्सने त्यावर क्रूस ठेवलाच नाही. फ्रान्समधल्या नव्ह शापेलला १९२७ मध्ये ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचं स्मारक झालं. तिथे स्तंभ आहे, त्याच्या माथ्यावर कमळ, आणि 'देव एक आहे, विजय त्याचाच' अशा आशयाचे लेख इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत. धर्माचं नाव घेऊनही कुणाला बाहेर ठेवलेलं नाही. समोरची बाजू हे काढणारच. (मी तिथे असतो तर याच्यापासूनच सुरुवात केली असती.)

एक प्रश्न नक्की येईल: 'उद्या काउंटीने नवा क्रूस उभारायचं ठरवलं तर?' तिथे अडखळू नकोस. बहुमताने झुकतं माप दिलंय ते जुन्या स्मारकांना; नव्याला ते आपोआप मिळत नाही, हे सरळ मान्य कर. एवढं सोडलंस तरी तुझ्या ४९ जणांचा क्रूस जागेवर राहतो.

सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझे सर