थट्टा करा, पण नाव घेऊन नको

प्रश्न : तारकर्लीला माझा जेटस्कीचा धंदा आहे. पोरं पाण्यात तरबेज आहेत, पण किनाऱ्यावर बघणारे जमले की पर्यटकांच्या अगदी जवळून गाडी वळवतात. ओरडून थकलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने आपल्याच बेपर्वा वैमानिकांची टर उडवणारी कार्टून काढली होती म्हणे. त्याचा उपयोग होतो का?
— एक वाचक, ता. मालवण

उत्तर : होतो, म्हणूनच तर लढाई चालू असताना त्यांनी त्यावर पैसा घातला. हजारो तरुण शत्रूशी गाठ पडण्याआधीच, सरावातल्या अपघातांत गेले होते. नौदलाने रॉबर्ट ऑसबोर्न या चित्रकाराकडून डिल्बर्ट नावाचा बावळट वैमानिक काढून घेतला आणि त्याची भित्तिपत्रकं लावली. ब्रिटिश हवाई दलाचाही प्रून नावाचा असाच एक कार्टून वैमानिक होता. पुढे १९४६ साली दिग्दर्शक जॉन हबली यांनी यूपीए या अमेरिकी अॅनिमेशन स्टुडिओत नौदलासाठी ‘फ्लॅट हॅटिंग’ हा छोटा अॅनिमेशनपट केला. विषय तुमचाच : लोकांच्या डोक्यावरून मुद्दाम अगदी कमी उंचीवर विमान नेऊन मिरवणारा वैमानिक.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मला त्यातली रेषा फार महत्त्वाची वाटते. मोजक्या रेषा, सपाट रंग, डिस्नेसारखा गुळगुळीत गोलावा नाही. असा चेहरा कुणा एकाचा राहत नाही, बघणाऱ्या प्रत्येकाला त्यात आपल्या बराकीतला कुणीतरी सापडतो. शिवाय थट्टा धाडसाची नाही, मिरवण्याची आहे. पोरांच्या कसबाला हात लावलात तर ती ऐकायचीच नाहीत.

तेव्हा तुमच्या शेडमध्ये चित्र लावाच, पण त्यात तुमच्या कुठल्याही पोराचा चेहरा नको. आणि जेटस्की किनाऱ्यावरून दिसते तशी काढू नका. कमरेएवढ्या पाण्यात, कडेवर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. तिथून गाडीचं नाक केवढं मोठं दिसतं, ते पोरांनी कधी पाहिलेलंच नसतं.

मात्र नुसत्या चित्रावर विसंबू नका. नौदलातही असं विमान उडवणाऱ्यावर कोर्टमार्शलची पाळी येई. पोहणाऱ्यांसाठी तरंडे लावून दोर बांधा. तो ओलांडला की मनगटाची दोरी (जी सुटली की इंजिन बंद पडतं, ती) काढून घ्यायची आणि त्या दिवशी गाडी बंद, मग तो तुमचा पुतण्या का असेना.

शेडच्या भिंतीचं माप कळवा. चित्र मी काढून देतो.