पट बदलला की सोंगट्यांची किंमत बदलते

नेहमीच्या बुद्धिबळात मुरलेला असलास तरी गोल पटावर बसताना उंट-हत्तीचा जुना हिशेब बाजूला ठेव. या पटावर १६ घरांची ४ वर्तुळं असतात. घरं तीच ६४. पण उंटाला कुठूनही फार तर ६ घरं मिळतात, कारण रुंदी चारच घरांची. हत्ती मात्र मोकळ्या वर्तुळात अख्खी फेरी मारतो, म्हणजे १५ आणि आडवी ३, एकूण १८. नेहमीच्या पटावर त्याला १४ मिळतात. तेव्हा उंट देऊन हत्तीचा मार्ग मोकळा होत असेल तर फार विचार करू नकोस.

दंडगोल पट याच्या अगदी उलट. तिथे डावी-उजवी कड जोडलेली असते, म्हणून कोपऱ्यातल्या उंटाला ७ ऐवजी १३ घरं आणि घोड्याला २ ऐवजी ४. कडेचं प्यादं असा प्रकारच उरत नाही, एका कडेच्या ‘ए’ पट्टीतलं प्यादं दुसऱ्या कडेच्या ‘एच’ पट्टीत मारतं. (पहिल्या डावात माझा वजीर असाच पाठीमागून गेला!) राजाला कोपऱ्यात दडवायची सवयही सोड, कोपराच नाही.

षटकोनी पट, ग्लिन्स्कीने शोधलेला, ९१ घरांचा, तो नंतर. तिथे तीन रंग आणि तीन उंट सांभाळायचे असतात.