अनोळखी इंडी गेमचं (मोठ्या कंपनीविना, छोट्या टीमने किंवा एकट्याने बनवलेल्या गेमचं) परीक्षण पहिल्यांदा लिहिताय?

बिनधास्त लिहा. सुरुवातीला एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ.

किती तास खेळलात आणि गेम संपवला की अर्ध्यात सोडला, हे पहिल्याच ओळीत टाका. अर्ली ॲक्सेस (पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला गेम) असेल तर व्हर्जन नंबरही हवा. नाहीतर तुम्ही ज्या बगवर चिडलात तो पुढच्या पॅचमध्ये गेलेला असतो आणि वाचणारा गोंधळतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- कथाच सांगत बसणं. ती स्टोअर पेजवर असतेच. खेळताना नक्की काय करावं लागतं ते लिहा. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) घ्या: जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते वहीत भरायचं, आणि साधारणपणे तीन नोंदी अचूक जमल्यावरच गेम त्या पक्क्या करतो. म्हणजे अंदाजपंचे ठोकत सुटणं कठीण. 'गेमप्ले भारी' लिहून यातलं काही कळलं असतं का?
- स्पॉयलर, म्हणजे पुढची गुपितं आधीच फोडणं. स्क्रीनशॉटही पहिल्या तासाभरातलेच द्या. (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम असेल तर एफ१२ दाबून ते काढता येतात.)
- एकट्या माणसाने बनवलाय म्हणून कंट्रोल्सच्या त्रासावर पांघरूण घालणं.

दहापैकी गुण वगैरे तूर्त राहू द्या. त्यापेक्षा पहिले दोन तास कसे जातात ते नीट सांगा, कारण स्टीमवर रिफंड सहसा खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तरच मिळतो. गेम तिसऱ्या तासाला रंगत असेल, तर ते ठळक लिहा.