कोळसा सोडणाऱ्या जर्मनीत नोकरी घेण्यापूर्वी: कामगार संघटनेविषयी सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्रात नऊ वर्षे काम केल्यानंतर तुम्हाला पूर्व जर्मनीतील कॉटबुसजवळच्या एका देखभाल कंपनीत नोकरी चालून आली आहे. त्या निमित्ताने तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: जर्मनी २०३८ पर्यंत कोळसा बंद करणार असेल तर ही नोकरी टिकेल का, तिथल्या कामगार संघटनेच्या शब्दाला खरोखर वजन आहे का, आणि नवख्या परदेशी माणसाने संघटनेत नाव घातले तर व्हिसाला धक्का लागेल का. वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीतून) निवृत्त झालेल्या तुमच्या वडिलांनी ‘पगार नंतर, आधी युनियनचं विचार’ असे बजावल्याचेही तुम्ही लिहिले आहे. वडिलांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, म्हणून उत्तराची सुरुवातही तिथूनच करतो.

जानेवारी २०२३ मध्ये खासगी कंपनीला समांतर वीज वितरण परवाना देण्याविरुद्ध महावितरण, महापारेषण आणि महानिर्मितीच्या कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला आणि उपमुख्यमंत्र्यांशी बोलणी झाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. त्या संपात तुम्हीही होतात. तसा संप जर्मनीत कायद्याला धरून झाला नसता. इथे संप करायचा तो मान्यताप्राप्त संघटनेनेच, आणि तोही वेतन व कामाच्या अटींच्या करारासाठी; सरकारच्या धोरणाविरुद्ध काम बंद ठेवणे इथली न्यायालये वैध मानत नाहीत. हे प्रथम ऐकले तेव्हा मला वाटले होते की मग ऊर्जाधोरणात संघटनेच्या हाती काहीच उरत नसणार. प्रत्यक्षात तिची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती जागा नीट समजून घेतल्याशिवाय इथल्या संघटना आपल्याला फार मवाळ वाटतात.

ती जागा म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापनावर देखरेख ठेवणारे पर्यवेक्षक मंडळ. १९५१ च्या कायद्याने कोळसा आणि पोलाद उद्योगांतील मोठ्या कंपन्यांत या मंडळावर भागधारक आणि कामगार यांना समसमान जागा दिल्या. १९७६ च्या कायद्याने २,००० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या इतर कंपन्यांतही निम्म्या जागा कामगारांकडे आल्या, मात्र मते समसमान पडली तर निर्णायक मत अध्यक्षाचे, आणि अध्यक्ष व्यवहारतः भागधारकांच्या बाजूचाच असतो. वीजकेंद्राचा कोणता संच केव्हा बंद करायचा याचे कागद त्यामुळे कामगारांच्या प्रतिनिधींसमोर आधीच येतात. आपल्याकडे अशी बातमी बहुतेक वेळा वर्तमानपत्रातून कळते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

कोळशाच्या प्रश्नावर याच पद्धतीचा विस्तार झाला. जून २०१८ मध्ये जर्मनीच्या केंद्र सरकारने आयोग नेमला. लोक त्याला ‘कोळसा आयोग’ म्हणत असले तरी अधिकृत नाव होते ‘वाढ, संरचनात्मक बदल आणि रोजगार आयोग’. नावात कोळसा नव्हता आणि रोजगार होता, याकडे अवश्य लक्ष द्या. मतदानाचा हक्क असलेल्या २८ सदस्यांत उद्योग, पर्यावरण संस्था, शास्त्रज्ञ आणि कोळसा पट्ट्यांतील रहिवासी यांच्या जोडीला खाण, रसायन व ऊर्जा कामगारांच्या आय. जी. बी. सी. ई. या संघटनेचे अध्यक्ष मिखाएल वासिलिआडिस होते. सेवाक्षेत्रातील व्हेर्डी ही संघटना आणि जर्मन कामगार महासंघ यांचेही प्रतिनिधी होते. आयोग पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइन कोळसा पट्ट्यात आला त्या दिवशी हजारो कामगार शिट्ट्या आणि झेंडे घेऊन रस्त्यावर उतरले होते, म्हणजे रस्ता त्यांनी सोडला नव्हता. पण अंतिम मजकुराची ओळ न् ओळ टेबलावर ठरली.

२६ जानेवारी २०१९ च्या पहाटे अहवाल ठरला, तेव्हा मी ऱ्हाइन पट्ट्यातील एका लिग्नाइट (तपकिरी कोळसा) वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात रात्रपाळीला होतो. शेजारच्या खुर्चीवर ५७ वर्षांचा सहकारी होता. त्याने फोनवर बातमी वाचली, लॉगबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार आकडे मांडले, त्यांची बेरीज केली आणि पान माझ्याकडे सरकवून म्हणाला, ‘माझं जमतंय. तुझं बघ.’ त्या कराराची मला याहून नेमकी समीक्षा सापडलेली नाही.

कारण करार खरोखरच त्याच्या वयाच्या माणसांसाठी चांगला होता. २०२० च्या कायद्याने कोळसा वीजकेंद्रे बंद करण्याची अखेरची मुदत २०३८ ठरवली. कोळसा पट्ट्यांच्या पुनर्बांधणीसाठी ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद झाली, आणि लिग्नाइट खाणी व कोळसा वीजकेंद्रांतील ५८ वर्षांपुढच्या कामगारांना नोकरी गेल्यास निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षे, सरकारी समायोजन भत्ता मिळू लागला. हे संघटनेने मिळवले आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण तुम्ही ३४ वर्षांचे आहात आणि वीजकेंद्राच्या नव्हे तर देखभाल कंत्राटदाराच्या पटावर येणार आहात. वाटाघाटींत ज्यांच्यासाठी सर्वात जास्त भांडले गेले, ती माणसे तुम्ही नाही; तुमच्या वाट्याला येणारे संरक्षण मुख्यतः तुमच्या कंपनीच्या स्वतःच्या वेतनकरारातून येईल. पश्चिमेकडील ऱ्हाइन पट्ट्याची मुदत ऑक्टोबर २०२२ मध्ये २०३० वर आणली गेली, ती केंद्र सरकार, राज्य सरकार आणि आर. डब्ल्यू. ई. ही वीज कंपनी यांच्यातील समझोत्याने. टेबलावरची खुर्ची दर वेळी मिळतेच असे नाही, हे त्यावरून दिसले.

कॉटबुस ज्या लाउझिट्झ पट्ट्यात येते तिथे २०३८ ची मुदत अजून कायम आहे. तिथली माणसे या तारखेला इतकी घट्ट का धरून बसली आहेत, हे गेल्या गेल्या समजून घ्या. जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास तिथे लिग्नाइटमध्ये सुमारे ८० हजार लोक काम करत होते, आणि दहाएक वर्षांत तो आकडा १० हजारांच्या खाली आला. प्रत्येक घरात त्या काळात नोकरी गेलेला कोणी ना कोणी आहे. त्यामुळे ‘न्याय्य संक्रमण’ (कामगारांना वाऱ्यावर न सोडता कोळशातून बाहेर पडणे) हा शब्द तुमच्या तोंडून ऐकल्यावर ते गप्प झाले तर त्यात आकस नसतो. दुसरीकडे, पुनर्बांधणीचा पैसा डोळ्यांना दिसू लागला आहे: जर्मन रेल्वेची नवी दुरुस्ती कार्यशाळा कॉटबुसमध्ये जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिथे १,२०० नोकऱ्या अपेक्षित आहेत. नियंत्रण प्रणाली जाणणाऱ्या माणसाला त्या भागात कोळशाबाहेरही काम मिळू शकेल, असे मला मनापासून वाटते.

ब्रुसेल्सबद्दल, म्हणजे युरोपीय संघाबद्दल, थोडक्यात. युरोपीय पातळीवर इंडस्ट्रीऑल युरोप आणि सार्वजनिक सेवांचा महासंघ एप्सू या दोन संघटना वीज कामगारांची बाजू मांडतात. सामाजिक धोरणाचा प्रस्ताव आणण्यापूर्वी युरोपीय आयोगाने कामगार व मालक संघटनांशी सल्लामसलत करणे युरोपीय संघाच्या मूळ करारानेच बंधनकारक आहे, पण ऊर्जाधोरणाला ते बंधन लागू नाही. म्हणून प्रत्येक हवामानविषयक कायद्यात रोजगाराचा मुद्दा घुसवण्याची धडपड त्यांना करावी लागते. कोळसा पट्ट्यांना मदत करणारा युरोपीय संघाचा न्याय्य संक्रमण निधी त्या दबावाशिवाय उभा राहिला असता असे मला वाटत नाही. पोलंडमध्ये तर खाणी २०४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे वेळापत्रक २०२१ मध्ये सरकार आणि संघटनांच्या लेखी करारातूनच ठरले.

आता तुमच्या रोजच्या आयुष्याकडे येतो. संघटनेखेरीज इथे किमान पाच कायम कामगार असलेल्या आस्थापनेत कामगारांनी निवडलेली समिती असू शकते. तिला ‘बेट्रीब्सराट’ म्हणतात. कोणालाही कामावरून काढण्यापूर्वी मालकाने या समितीचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, न ऐकता दिलेली नोटीस रद्दबातल ठरते, आणि हा नियम परिवीक्षा काळातही लागू असतो. मी हे स्वतः अनुभवले आहे. पहिल्या नोकरीत, पाचव्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी माझ्या हातात नोटीस पडली. भाषा धड येत नव्हती, बायको आणि मुलगी नुकत्याच नागपूरहून आल्या होत्या. समितीच्या अध्यक्षबाईंनी कागद वाचून एकच प्रश्न विचारला, ‘आम्हाला कधी विचारलं?’ कोणी विचारलेच नव्हते. सोमवारी कंपनीने नोटीस मागे घेतली आणि मला दुसऱ्या साइटवर पाठवले. त्या शुक्रवारची रात्र मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच तुम्हाला इतके सविस्तर लिहितो आहे.

व्हिसाची भीती मनातून काढून टाका. संघटनेत सामील होण्याचा हक्क जर्मन राज्यघटनेच्या कलम ९ ने प्रत्येकाला दिला आहे, केवळ नागरिकांना नव्हे. तो मर्यादित करणारा कोणताही करार मुळातच निरर्थक ठरतो. बेट्रीब्सराटच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येईल आणि सहा महिने पूर्ण झाल्यावर उभेही राहता येईल. धोका आहे तो नोकरी जाण्याचा: तसे झाल्यास परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते, आणि नोटिशीला कामगार न्यायालयात आव्हान द्यायला फक्त तीन आठवडे मिळतात. त्या न्यायालयात पहिल्या पायरीवर खटला जिंकलात तरी स्वतःच्या वकिलाचा खर्च स्वतःलाच करावा लागतो. संघटनेचे सदस्य असाल तर वकील संघटना देते, पण हे संरक्षण सामान्यतः सदस्यत्वाचे पहिले काही महिने उलटल्यावरच लागू होते. तेव्हा अडचण आल्यावर नव्हे, पहिल्या पगारालाच नाव घाला. वर्गणी ढोबळ पगाराच्या सुमारे एक टक्का असते. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांच्या वास्तव्य परवान्यावर) येत असाल आणि जर्मन भाषेची बी १ पातळी गाठलीत, तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. तोवरचा काळ सर्वात नाजूक समजा.

सही करण्यापूर्वी कंपनीला दोन प्रश्न लेखी विचारा: इथे बेट्रीब्सराट आहे का, आणि माझ्या नोकरीला कोणत्या संघटनेशी झालेला वेतनकरार लागू आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणताच नाही’ असे आले, तर देऊ केलेला पगार कितीही मोठा दिसला तरी ऱ्हाइन पट्ट्यातील किंवा लाउझिट्झमधील वेतनकरार पाळणारी दुसरी कंपनी शोधण्यासाठी आणखी तीन महिने थांबा. नियुक्तिपत्राचा मसुदा आला की मला पाठवा. वेतनकराराचा उल्लेख साधारणपणे कुठल्या कलमात दडलेला असतो ते मी खूण करून परत पाठवीन. वडिलांना माझा नमस्कार सांगा.