पहिली कोरियन प्रेममालिका बघताय? मग हे वाचा

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’पासून सुरुवात करताय, छान निवड! २०१९-२० ची मालिका, फक्त १६ भाग. नवीन माणसं सहसा कुठे चुकतात ते सांगते:

- पहिल्या भागावरून निकाल लावू नका. वादळात पॅराग्लायडिंग करणारी सोलची उद्योजिका थेट उत्तर कोरियात पडते, हे आधी अतर्क्य वाटतं. निदान चार भाग बघाच.
- डबिंग नको, सबटायटल्स लावा. नायक री जंग-ह्यॉक, म्हणजे तिला तिथे भेटणारा उत्तर कोरियाचा लष्करी अधिकारी (अभिनेता ह्यून बिन), मोजकंच बोलतो, त्यामुळे त्याचा मूळ आवाज ऐकायलाच हवा.
- वेग वाढवून तर अजिबात बघू नका. तो तिच्यासाठी कॉफीच्या बिया भाजतो, हाताने दळतो. तेवढ्यात प्रेम कळतं, संवाद लागतच नाही. चौथ्या भागाच्या शेवटी ती अंधाऱ्या बाजारात हरवते आणि गर्दीत तो सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा असतो. तिथे मी दरवेळी रडते.

रील्सपासून लांब राहा, शेवट आधीच कळेल. उत्तर कोरियातल्या त्याच्या गावातल्या बायकांची दृश्यं पुढे ढकलू नका, त्या चौघी फार गोड आहेत. बाकी दिग्दर्शक, लेखिका, पुढच्या मालिकांची यादी हे सगळं नंतर. आज रात्री पहिले दोन भाग बघा आणि कसे वाटले ते नक्की कळवा.