वाचक विचारतात: मोटरहोमने बाणावली आणि तीन संग्रहालये

प्रश्न: आम्ही डिचोलीचे. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली सात मीटरची मोटरहोम भाड्याने घेऊन सासू-सासऱ्यांसह तीन दिवस बाणावलीला राहायचा बेत आहे. जुन्या गोव्याचे संग्रहालय, बोगमाळोचे नौदलाचे विमान संग्रहालय आणि बाणावलीचे ‘गोवा चित्रा’ पाहायचे आहे. गाडी सगळीकडे नेता येईल का? क्रम कसा लावावा?

उत्तर: आधी वार ठरवा, गाडी मागाहून बुक करा. जुन्या गोव्यातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. बोगमाळो आणि गोवा चित्रा सोमवारी. मंगळवारी निघून गुरुवारी परतलात तर तिन्ही उघडी सापडतात. मध्ये सरकारी सुट्टी येत असेल तर फोन करून खात्री करा.

मंगळवारी म्हापसा-पर्वरीची वाट धरू नका. आमोण्याचा पूल, खांडोळा, माशेल, बाणस्तारी असे गेलात की पणजीत न शिरता जुने गोवे गाठता येते. तिथे पार्किंगला जागा भरपूर आहे. संग्रहालयात बहुतेक लोक व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांपाशीच रेंगाळतात. कदंबकाळातले वीरगळ मात्र सोडू नका; जहाजावरची लढाई कोरलेला दगड आवर्जून शोधा. दुपारी झुआरी पूल ओलांडून कुठ्ठाळी, वेर्णा करत उजेडात बाणावलीला पोहोचा. अंधारात गल्लीतल्या खाली आलेल्या केबल दिसत नाहीत आणि छतावरचा एसी त्यांत अडकतो.

बुधवारी गोवा चित्रा. इथे मोटरहोम नेऊ नका. गाडी मुक्कामाच्या आवारात ठेवून रिक्षाने जा. वाड्यावाड्यांतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. ट्रॅव्हलरचा मागच्या चाकांपलीकडचा भाग लांब असतो. डावीकडे वळताना चालक डावा आरसा बघत राहतो आणि शेपूट उजवीकडच्या गडग्याला घासते. आवारात शिरतानाही एकाने खाली उतरून वळणाच्या उलट बाजूला उभे राहायलाच हवे. संग्रहालय गाइडबरोबर पाहायचे असते, तेव्हा आधी वेळ घ्या. मोडलेल्या जुन्या घरांची दारे-खिडक्या वापरून ते बांधले आहे. शेतीची अवजारे, मापे, घाणे तिथे आहेत आणि शेजारच्या ‘गोवा चक्रा’त गाड्या-पालख्या. सासरे शेती केलेले असतील तर दोन तासही अपुरे पडतील.

बोगमाळो परतीच्या वाटेवर, गुरुवारी सकाळी. विमाने उघड्यावर असल्याने अकरानंतर ऊन सोसत नाही. चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाकडे होते, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात आले. जुन्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे या जातीची विमानेही शेजारीच आहेत. इथपर्यंत मोटरहोम बिनदिक्कत न्या.

भाड्याच्या गाडीवर पांढरी पाटी असेल तर ती घेऊच नका. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

प्रश्न: रात्रभर एसी बॅटरीवर चालेल का? मालक ‘चालतो’ म्हणतो. (फोंडा)

उत्तर: बॅटरी किती आणि कसली, ते विचारा. एक टनाचा एसी साधारण 1200 वॅट खातो. 12 व्होल्टवर इन्व्हर्टरची गळती धरून ते 110 अँपिअर होतात. 200 अँपिअर-तासांची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे तासभरसुद्धा नाही. लिथियम असेल तर दीड तास. दोन 12 व्होल्टचे पंखे मात्र आठ तासांत तीसेक अँपिअर-तासच घेतात. इंजिन चालू ठेवून झोपणे हा उपाय नव्हे, धुराने जीव जातो.

एसी हवाच असेल तर मुक्कामाच्या घरून वीज घ्या. 16 अँपिअरचा सॉकेट आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल लागते. रीळ पूर्ण उलगडा; गुंडाळलेली केबल तापून वितळते. जुन्या घरांत कधी अर्थिंग नसते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिला जमिनीची जोड नाही. आतले एखादे उपकरण बिघडले तर गाडीच्या अख्ख्या बॉडीत वीज उतरते आणि ओल्या अंगणात अनवाणी उभ्या माणसाला दाराच्या कडीतून झटका बसतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) गाडीत आहे का ते बघा आणि त्याचे टेस्ट बटण स्वतः दाबा. संध्याकाळी विजेचा दाब 190 व्होल्टच्या खाली गेला आणि कॉम्प्रेसर नुसता घुरघुरू लागला, तर एसी लगेच बंद करा.

प्रश्न: कॅसेट टॉयलेट (बाहेर काढता येणाऱ्या टाकीचा संडास) कुठे रिकामे करायचे? (पेडणे)

उत्तर: मुक्काम ठरवतानाच मालकाला विचारा. वीस लिटरची टाकी चौघांना दीड दिवस पुरते, फार तर दोन. ती सेप्टिक टँकमध्येच ओता. गटारात, शेतात किंवा विहिरीजवळ कदापि नाही. फॉर्मलिनचे निळे औषध वापरू नका, ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते, एन्झाइमचे घ्या. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ होतात. ते पाणी भांड्यांना चालेल, पिण्याचे वेगळे न्या.

प्रश्न: किनाऱ्यावरच गाडी लावून स्वयंपाक केला तर? (साखळी)

उत्तर: नाही. किनाऱ्यावर वाहन नेणे आणि पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडणे, दोन्हींना गोव्यात दंड आहे. आवारातही माडाखाली गाडी लावू नका. सोलर पॅनेल फुटायला एक नारळ पुरतो.